काढलं, असं लिहा

माझ्या सासरच्या घराण्यात कुणाची नोकरी कधी गेलेली नाही. जो तो नोकरी सोडत आला. मामंजींच्या पणजोबांनी म्हणे तंजावूरच्या राजवाड्यातली चाकरी सोडली. आता राजा गेला, इंग्रज आला, तिथे चाकरी उरणार कुठून, असं मी लग्न होऊन आले त्या वर्षी विचारलं होतं. मामंजी माझ्याकडे अशा नजरेने पाहत राहिले की मी गपचूप ताटं उचलली. ते स्वतः हायस्कुलात भूगोल शिकवत. वय झाल्यावर चारचौघा मास्तरांसारखे निवृत्त झाले, पण सांगताना वाक्य एकच, "मी शाळा सोडली." शाळेने हार घालून निरोप दिला होता, तेव्हा त्यांना खोटं ठरवणार कोण.

अशा घरातली मी सून, आणि मला कामावरून काढलं. निरोप नाही, हार नाही, सरळ काढलं.

तिरुच्चीच्या रस्त्यावर शेतीपंपांचे व्हॉल्व्ह बनवणारा आमचा कारखाना होता. बाजार खुला झाला, बाहेरचा स्वस्त माल दुकानांत आला, मोठ्या कंपन्यांनी भाव पाडले आणि आमच्या गोदामात तयार मालाची रास वाढत गेली. मी स्टोअरमध्ये होते, त्यामुळे ती रास मला सगळ्यांच्या आधी दिसली. देश कसा पुढे चालला आहे याच्या बातम्या तेव्हा रोज पेपरात असत. चालला असेल पुढे. आमचं गोदाम काही हलत नव्हतं.

एका सकाळी मॅनेजरने सगळ्यांना कँटीनजवळच्या कडुलिंबाखाली बोलावलं. माणूस वाईट नव्हता. मालक चेन्नईत, तोंड दाखवायचं काम याच्याकडे. त्याने सांगितलं, कारखाना बंद होतो आहे. जे आपणहून राजीनामा लिहून देतील त्यांचा शनिवारी समारंभ होईल, शाल मिळेल, चंदनाचा हार मिळेल आणि पुढच्या नोकरीसाठी चांगलं प्रशस्तिपत्र मिळेल. जे देणार नाहीत त्यांना कामावरून कमी केल्याची नोटीस फाटकावर लागेल, नावासकट. राजीनाम्यात कंपनीची भरपाई वाचते हे तो बोलला नाही, पण ते न कळायला आम्ही काही दूधखुळे नव्हतो. तरीही बहुतेकांनी शाल निवडली. फाटकावर नाव लागणं म्हणजे गावभर बोभाटा. माझे एक चुलत दीर राजवाड्यामागच्या गल्लीत राहत आणि त्याच कारखान्यात लेथवर होते. त्यांनी पहिल्या रांगेत उभं राहून सही केली.

मी केली नाही. यात माझी हुशारी काही नव्हती, मला राग आला होता. आणि दुसरं, स्टोअरची सवय. स्टोअरमधून साधा वॉशरसुद्धा आपणहून बाहेर जात नाही. कुणीतरी तो काढतो आणि काढणारा सही करतो. इतकी वर्षं मी मोठमोठ्या इंजिनियरांना सहीशिवाय वस्तू दिली नव्हती, त्यांनी डोळे वटारले तरी. मग मला बाहेर काढणाऱ्यांनी सही करायची की मी? मी मॅनेजरला तेवढंच सांगितलं. तो म्हणाला, "अम्मा, इतकं कडू कशाला होता?" आमच्याकडे साहेबाला सार म्हणतात. मी म्हटलं, "सार, कडू नाही. तुम्ही काढताय, तर काढलं असं लिहून द्या." त्याने दिलं. फाटकावर चारपाच नावं लागली, त्यात बाईचं नाव माझं एकटीचं.

घरी आल्यावर मी हे मामंजींना सांगितलं. ते म्हणाले, "अगे, शाल घ्यायची होती. आमच्या घरांत कोण्हास काढलें नाही अजून."

"मामंजी, काढलें तर काढलें म्हणायचें की," मी म्हटलं.

"लोकांस काय सांगूं मी?" त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

त्यांना लोकांची काळजी होती. मला घराची. मेडिकल कॉलेजच्या पलीकडे, पूर्वी भातशेती होती तिथे नवं नगर वसलं होतं. तिथे गृहनिर्माण सोसायटीचं कर्ज काढून आम्ही दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे ओटा एवढं घर बांधलं होतं. राजवाड्याच्या गोष्टी सांगणाऱ्या या घराण्याच्या नावावर चार पिढ्यांत स्वतःची एक वीट नव्हती. सगळा जन्म राजवाड्यामागच्या गल्ल्यांत, दुसऱ्याच्या माडीवर, भाड्याने. आमचे हे तिरुवैयारुला जाऊन मुलांना व्हायोलिन शिकवत. विद्या मोठी, मिळकत बेताची, आणि फीचे पैसे मागताना यांचा जीव जाई. कर्ज मिळालं ते माझ्या पगारावर, म्हणून घरही माझ्या नावावर झालं. खरेदीखत सोसायटीच्या लोखंडी कपाटात गहाण. पहिल्या दिवशी त्या घराच्या भिंतीला मी हात लावून पाहिला होता, चुना हाताला लागला तो पुसला नव्हता. हे सांगायला लाज कशाची. त्या घरावर माझा जीव होता.

पगार थांबला, हप्ते मात्र थांबेनात. दोनतीन थकल्यावर मी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेले. गृहस्थ जाडजूड, तोंडात सदा विड्याचं पान, बोलणं अगदी मऊ. म्हणाले, "अम्मा, पुढच्या महिन्यात संचालकांची बैठक आहे. थकलेल्यांची नावं तिथे जातात. एकदा लिलावाच्या यादीत नाव चढलं की माझ्या हातात काही राहत नाही. तुमच्या घरात पैसा येतो आहे असा एखादा पक्का कागद आणा. मग हप्ता लहान करून मुदत वाढवायचं मी मांडतो."

पैसा कुठून येणार? नोटीस लागलेल्यांपैकी एकजण जुन्या बसस्टँडवर भेटला, त्याने सांगितलं की नवा नियम आला आहे. आपल्या पगारातून कामगार विम्याचे पैसे दर महिन्याला कापले जात, त्यातूनच आता काम गेलेल्यांना काही महिने अर्धा पगार मिळतो. अट एकच. कारखाना बंद पडून किंवा मालकाने कमी केल्यामुळे काम गेलेलं पाहिजे. आपणहून सोडणाऱ्याला छदाम नाही.

मी बसस्टँडवर उभी राहून हसले. शाली पांघरून बसलेले सगळे माझ्या डोळ्यांपुढे आले. मग हसू थांबलं, कारण त्यांतल्या कित्येकांच्या घरीही चुली होत्याच. त्यांतल्या पुष्कळांनी, आम्हालाही काढलंच आहे, असं म्हणून अर्ज केले आणि त्यात खोटं काय होतं? पण कागदावर त्यांच्या सह्या होत्या. विम्याच्या कचेरीत असे अर्ज इतके आले की त्यांनी ठरवलं, प्रत्येकाच्या घरी माणूस पाठवून खरं काय ते विचारायचं.

मामंजींना भत्ता हा शब्दच सोसेना. "सरकारापुढे हात पसरायचा? आम्ही देणारे लोक, घेणारे नव्हें." मी म्हटलं, "माझ्याच पगारांतून कापलेले पैसे आहेत, मामंजी. आपलेच परत घ्यायचे." त्यावर ते पेपर वाचू लागले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमचा सुंभ जळून दीडशे वर्षं झाली होती.

माझा अर्ज मंजूर होईपर्यंत काहीतरी हाताशी हवं म्हणून मी पुढची खोली मेडिकल कॉलेजात नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुलींना भाड्याने दिली. त्या खोलीत मामंजींची आरामखुर्ची होती. ती बाहेर ओट्यावर आली. ओट्याला आमच्याकडे तिण्णै म्हणतात. मला वाटलं होतं मामंजी रुसतील. झालं उलटंच. तिण्णैवर बसलेल्या माणसाला अख्खा रस्ता श्रोता मिळतो. दूधवाला, भाजीवाली, पोस्टमन, समोरचे बँकेतले गृहस्थ, कुणीही थांबलं की मामंजी बोलायला लागत. लोक विचारत, "सूनबाई हल्ली घरीच दिसतात?" मामंजी उसासा टाकून सांगत, "माझी तब्येत बरी नसते. तिने माझ्यासाठी नोकरी सोडली."

तब्येत म्हणाल तर मामंजी दोन वेळा सांबारभात घेऊन वर ताकभात खात. पण ही गोष्ट माझ्या कानावर आली तेव्हा मी सोडून दिली. म्हटलं, म्हाताऱ्याचा मान राहतो आहे, माझं काय जातं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

माझं काय जातं ते पंधरवड्यात कळलं. मी बाजारात गेले होते. परत आले तेव्हा मामंजी तिण्णैवर खुशीत बसलेले, शेजारी ताकाचा रिकामा पेला.

"विम्याच्या कचेरीचा माणूस येऊन गेला," ते म्हणाले. "भला माणूस. स्कूटरवर आला. मी त्यास ताक दिलें."

मी पायरीवरच थांबले. "काय विचारलें त्याने?"

"तुझें काम कां गेलें म्हणून विचारलें. मी सांगितलें, गेलें नाही, तिने आपणहून सोडलें, माझी सेवा करायला. त्याने लिहून घेतलें, मी सही केली. इंग्रजींत." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. सरकारी माणसापुढे त्यांनी सुनेची अब्रू राखली होती.

भाजीची पिशवी माझ्या हातातून खाली आली. वांगी रस्त्यावर घरंगळली. मी ती वेचली नाहीत. मी म्हटलं, "मामंजी, तुम्ही माझी अब्रू राखली आणि माझें घर घालवलें."

त्यांना आधी समजेना. मी समजावून सांगितलं. अर्ज काय होता, अट काय होती, बैठक कधी आहे, सोसायटीचा सेक्रेटरी काय म्हणाला. आवाज चढला होता माझा. शेजारच्या दोन दारांत माणसं उभी राहिली आणि मी त्यांची पर्वा केली नाही. मामंजींनी केली. ते खुर्चीतून उठले आणि आत गेले. मी सुनेसारखी वागले नाही हे मला ठाऊक होतं. त्याचा पश्चात्ताप मला तेव्हाही झाला नाही आणि आजही नाही.

संध्याकाळी हे तिरुवैयारुहून आले. आमचे हे फार मवाळ. घरात भांडण झालं की व्हायोलिनच्या तारा लावत बसायचे. त्या दिवशी त्यांनी पेटी उघडली नाही. वडिलांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"अप्पा," हे म्हणाले, "उद्यां तिने पुन्हा जाऊन सांगितलें तर तुम्हांस चालेल की नाही?"

"मी सही करून दिली आहे. सही कशी फिरवूं?" मामंजींची मान खाली होती. "आमच्या घरांत कोण्हास काढलें नाही."

हे अगदी हळू म्हणाले, "तुमच्या पणजोबांस काढलेंच होतें, अप्पा. राज्य गेलें, घरीं बसवलें. तुम्हांस ठाऊक आहे. आम्हां अवघ्यांस ठाऊक आहे."

लग्नानंतर इतक्या वर्षांत मी यांना वडिलांपुढे असं बोलताना पाहिलं नव्हतं. मी दारात उभी होते. मला वाटलं आता मामंजी कडाडतील. ते नुसते उठून तिण्णैवर गेले. त्या दिवशी ते जेवलेही नाहीत, आणि मामंजींनी ताकभात नाकारणं ही आमच्या घरात लहान गोष्ट नव्हती.

पुढच्या आठवड्यात कचेरीचं उत्तर आलं. घरच्या ज्येष्ठ माणसाच्या जबानीप्रमाणे काम आपणहून सोडलेलं आहे, सबब भत्ता देता येत नाही. मी त्याच दिवशी कचेरीत जाऊन धडकले. तिथल्या अधिकारी बाई तमिळ होत्या, चष्मा दोरीला बांधून गळ्यात सोडलेला, स्वभाव कडक. मी कारखान्याची नोटीस त्यांच्या टेबलावर ठेवली. त्या म्हणाल्या, "नोटीस दिसते आहे. पण तुमच्याच सासऱ्यांनी उलट लिहून दिलंय. दोन्ही खरं कसं असेल? त्यांना घेऊन या. इथे, माझ्यासमोर, पुन्हा सांगू देत. सोमवारी या."

सोसायटीची बैठक त्या सोमवारच्याच आठवड्यात होती. मी घरी येऊन मामंजींना सांगितलं, विनवलं नाही. म्हटलं, "सोमवारीं कचेरींत यायचें आहे. यायचें नसेल तर आत्तांच सांगा, मी घर आवरायला घेतें." ते म्हणाले, "येतों."

सोमवारी सकाळी ते तयार होऊन बाहेर आले आणि माझा धीर खचला. काळा बंद गळ्याचा कोट, जरीकाठी वेष्टी, म्हणजे धोतर, पंचकच्छ नेसलेलं, आणि डोक्यावर पगडी. ही पगडी आमच्याकडे लग्नातच निघते. मनात म्हटलं, झालं. हे घराण्याचा मान राखायला निघाले आहेत. टाउन बसमध्ये लोक माना वळवून बघत होते. मामंजी खिडकीबाहेर पाहत होते. हे मध्ये, मी टोकाला. मी मनात हिशेब मांडू लागले होते की भाड्याची खोली कोणत्या गल्लीत स्वस्त मिळेल.

कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या कारखान्याचे निम्मे लोक बाकांवर, जिन्यावर, भिंतीला टेकून बसलेले. चुलत दीरही होते. राजवाड्यामागच्या गल्लीतली आणखी दोन ओळखीची माणसं होती, ज्यांना मामंजींनी माझ्या सेवेची गोष्ट रंगवून सांगितली होती. पगडी पाहून सगळे सरकले, वाट झाली. कुणीतरी मामंजींना खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

अधिकारी बाईंनी चष्मा लावला. "तुम्हीच ना यांचे सासरे? यांनी काम आपणहून सोडलं असं तुम्ही लिहून दिलंत. बरोबर आहे?"

मामंजींचा हात कोटाच्या गुंडीवर गेला, ती लावलेलीच होती. हे माझ्या मागे उभे होते.

"बरोबर नाही," मामंजी तमिळमध्ये म्हणाले. "मी खोटं लिहून दिलं. माझ्या सुनेला काढलं. ती गेली नाही, तिला काढलं."

आवाज एवढा मोठा होता की टाइपरायटर थांबले. बाई म्हणाल्या, "सार, हळू बोललात तरी चालेल. मला ऐकू येतंय."

"तुम्हाला येतंय," मामंजी म्हणाले. "पण ज्यांना मी खोटं सांगितलं ते मागे भिंतीशी उभे आहेत. मी मास्तर होतो. शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं बोलायची मला सवय आहे." मग ते वळले, सगळ्यांकडे तोंड केलं. "ऐका. माझी तब्येत उत्तम आहे. माझ्यासाठी कुणी नोकरी सोडलेली नाही. या बाईने घर बांधलं, माझ्या मुलाने नाही, मी नाही. तिला काढलं तेव्हा मला लाज वाटली. लाज तिला काढणाऱ्यांना वाटायला हवी होती. तिने काय केलं? ती तेवढी खरं बोलली." ते पुन्हा टेबलाकडे वळले. "काढलं, असं लिहा. मी खाली सही करतो."

बाईंनी लिहिलं. मामंजींनी सही केली, मोठी, कागदाच्या कडेपर्यंत. मी पदर तोंडाला लावून उभी होते, आणि कुणी पाहतंय का याची मला फिकीर नव्हती. मला फार आनंद झाला होता. भत्त्याचा आनंद नंतरचा. माझ्या बाजूने त्या घराण्यातला माणूस उभा राहिला, चारचौघांत, पगडी घालून, हा आनंद आधी. पगडी तेवढ्यासाठीच घातली होती हे मला तेव्हा कळलं.

मागे कुजबूज सुरू झाली. चुलत दीर पुढे आले आणि म्हणाले, "मलाही काढलंच की." बाई म्हणाल्या, "तुमची राजीनाम्यावर सही आहे." दीर म्हणाले, "सही माझी, पण शब्द कारखान्याचे." भिंतीला टेकून बसलेले आणखी काही जण उठले. त्यांचं काय झालं ते सांगायला हवं. त्यांनी एकत्र तक्रार केली, आणि ती लिहायला मामंजींच्या तिण्णैवरच बसले. काहींना पुढे भत्ता मिळाला, काहींना नाही. दिरांना मिळाला नाही. मामंजी त्यांना रोज बोलावून घेत आणि आमच्याकडेच जेवायला बसवत. दीरही जेवायचे, आणि वर मला विचारायचे, वहिनी, आजचें सार जरा पातळ झालें काय.

माझा भत्ता मंजूर झाला तो कागद घेऊन मी बैठकीच्या आदल्या दिवशी सोसायटीत गेले. सेक्रेटरींनी तो उलटासुलटा पाहिला, पान थुंकून आले आणि म्हणाले, "अर्धाच पगार आहे, अम्मा, आणि काही महिन्यांपुरता." मी म्हटलं, "शिवाय पुढच्या खोलीचं भाडं आहे. यांची शिकवणी आहे. आणि काही महिने संपायच्या आत मी दुसरं काम धरीन." त्यांनी विचारलं, "धराल?" मी म्हटलं, "सोळा वर्षं स्टोअर सांभाळलंय. वस्तू असलेली प्रत्येक जागा कुणीतरी सांभाळावी लागते." यादीत माझं नाव चढलं नाही. हप्ता लहान झाला, मुदत लांबली.

काम मिळवून दिलं ते भाड्याने राहणाऱ्या नर्स मुलींनी. त्या शिकत होत्या तिथून जवळच एका खासगी इस्पितळाला औषधांच्या भांडारासाठी माणूस हवा होता. मुलाखतीत मला विचारलं, आधीची नोकरी का सोडली. मी म्हटलं, "सोडली नाही, काढलं." समोरचा डॉक्टर हसला. त्याने विचारलं, औषधांचं ज्ञान आहे का. मी म्हटलं, नाही, पण सहीशिवाय माझ्याकडून तुम्हालाही गोळी मिळणार नाही. सोमवारपासून या म्हणाला. भत्त्याचे शेवटचे एकदोन महिने मी स्वतः कचेरीत जाऊन बंद करवले. बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, असं सांगायला फार लोक येत नाहीत.

त्यानंतरची वर्षं सोपी होती असं नाही. इस्पितळाचा पगार कमी, मामंजींचा दमा खराखुरा सुरू झाला, एका पावसाळ्यात मागची भिंत फुगली. पण दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी सोसायटीच्या खिडकीशी उभी असे. कारखान्याकडची भरपाई कोर्टातून मिळायला फार काळ गेला. ती एकदाची आली तेव्हा मी सगळीच्या सगळी कर्जात घातली, एक साडीही घेतली नाही. यांनी नव्या तारा मागितल्या, त्यालाही नाही म्हटलं. सेक्रेटरींनी लोखंडी कपाट उघडलं, खरेदीखत काढलं आणि माझ्यापुढे सही करायला वही सरकवली. मी सही केली.

घरी आले तेव्हा मामंजी तिण्णैवर बसले होते. त्यांनी हात पुढे केला. मी खत दिलं. भूगोलाच्या मास्तरांनी आधी चतुःसीमा वाचल्या, उत्तरेला रस्ता, पूर्वेला अमक्याचं घर, दक्षिणेला पाट. मग नाव वाचलं. माझं. एकदा वाचून थांबले, पुन्हा वाचलं.

"म्हणजे मी अजून भाडोत्रीच," ते म्हणाले. "भाडें किती, सांगून टाक."

मला हसू आलं. त्यांना नव्हतं आलं. ते खरोखर विचारत होते, आणि उत्तर मिळाल्याशिवाय कागद परत देणार नव्हते. म्हणून मी म्हटलं, "सकाळीं नळाचें पाणी भरायचें, मामंजी. झेपेल तेवढें."

त्या माणसाने आयुष्यात कधी पाण्याचा कुडम, म्हणजे घडा, उचलला नव्हता. पाणी भरणं बायकांचं काम, आणि तेही रस्त्यावरच्या नळावर. दुसऱ्या दिवशी पहाटे नळ आला तेव्हा मी उठून बाहेर गेले, तर मामंजी लहान हिरवा कुडम घेऊन बायकांच्या रांगेत उभे. समोरच्या बँकेतल्या गृहस्थांनी दारातून विचारलं, "सार, तुम्ही का? सूनबाई कुठे आहेत?"

"झोपूं दे त्यांस," मामंजी म्हणाले, आणि पुढचं तमिळमध्ये, रांगेतल्या शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल असं, "घरमालकीण आहेत त्या. मी त्यांच्या घरात राहतो."